काळ्या घोड्याचा आकडा आणि आपले फाटक

प्रश्न असा आला आहे: "आम्ही बडोद्यात कारेलीबागेच्या सखल भागात राहतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर पाणी शिरले. आता तीसेक घरे मिळून पाऊस आणि पाण्याची पातळी स्वतः मोजावी, असा विचार चालू आहे. आमच्यापैकी कोणीही जलशास्त्र शिकलेले नाही. अशा मोजण्याचा पुढच्या पुरात खरोखर उपयोग होईल का? आणि होणार असेल तर सुरुवात कोठून करावी?"

उपयोग नक्की होईल, परंतु त्याला एक अट आहे. मोजलेल्या आकड्यावर कोणी, केव्हा आणि काय करायचे हे पाऊस सुरू होण्याआधी ठरलेले असले पाहिजे. ही अट पाळली गेली तर वर्षाला काही हजार रुपयांत चालणारे तुमचे काम एखाद्या महागड्या यंत्रणेइतकेच मोलाचे ठरेल. ती पाळली गेली नाही तर तुमच्याजवळ सुंदर आलेख जमतील आणि तळमजल्यावर पुन्हा पाणी येईल. मी पर्जन्यमापन आणि पूरमापन या क्षेत्रात तीस वर्षांहून अधिक काळ आहे. त्यातली शेवटची बारा वर्षे मी वस्त्यांमधल्या रहिवाशांबरोबर काढली आहेत. ही अट मी पुस्तकात वाचलेली नाही, ती मला एका अपयशातून कळली.

नदीकाठच्या एका वसाहतीत आम्ही अठरा पर्जन्यमापके बसवली होती. दोन पावसाळे लोकांनी इतक्या निष्ठेने नोंदी ठेवल्या की त्या पाहून मला मनापासून आनंद होत असे. तिसऱ्या वर्षी एका रात्री पाणी चढले. नोंदी त्या रात्रीही झाल्या, काहींनी तर दर अर्ध्या तासाने केल्या, आणि त्या सगळ्या माझ्या संगणकात येऊन पडल्या. सकाळी उठून मी त्या पाहिल्या तेव्हा धोका रात्री साडेअकरालाच स्पष्ट दिसू लागला होता, हे माझ्या लक्षात आले. मोजणाऱ्या माणसाला त्या आकड्याचा अर्थ मी कधी सांगितलाच नव्हता. आकडे वर पाठवायचे आणि अर्थ खाली यायची वाट पाहायची, अशी रचना मीच केली होती. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण एका वृद्ध जोडप्याला छातीएवढ्या पाण्यातून बाहेर काढावे लागले. तेव्हापासून कोणताही गट सुरू करताना मी यंत्राची गोष्ट मागे ठेवतो आणि आकडा पाहून कोण उठणार, हे आधी विचारतो.

आता आपल्या शहराकडे येऊ. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, वळणे घेत शहराच्या मधून वाहते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. वरच्या अंगाला महाराजा सयाजीरावांच्या काळात शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला आजवा तलाव आहे, त्याच्याजवळ प्रतापपुरा हा दुसरा जलाशय आहे. त्यामुळे आपल्याकडचा पूर दोन ठिकाणांहून येतो. एक शहरावर पडणाऱ्या पावसाचा, दुसरा वरच्या पाणलोटातून काही तासांनी उतरणारा. ३१ जुलै २०१९ रोजी शहरावर एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पहिल्या प्रकाराने आपल्याला गाठले. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, ऐन मघा नक्षत्रात, शहरातला पाऊस ओसरल्यावरही नदी चढत राहिली आणि काळ्या घोड्याच्या पुलापाशी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. आभाळ उघडले म्हणून जे लोक निश्चिंत झाले, त्यांच्याच घरात पाणी आले. या दोन पुरांना एकच इशारा पुरत नाही, आणि तुमच्या मोजणीची आखणी करताना हा फरक पहिल्यापासून ध्यानात ठेवायला हवा.

पावसाळ्यात बडोद्यातल्या प्रत्येक घरात दोन आकडे बोलले जातात: आजवा किती फुटांवर आहे आणि काळ्या घोड्यापाशी नदी किती फुटांवर आहे. हे आकडे प्रशासन जाहीर करते, ते वेळोवेळी मिळतात आणि त्यांच्यावर विसंबायला हरकत नाही. अडचण वेगळीच आहे. काळ्या घोड्यापाशी २८ फूट पाणी आहे याचा अर्थ समा, कारेलीबाग, सयाजीगंजातला परशुराम भठ्ठा आणि खाली वडसर या चारही ठिकाणी निरनिराळा होतो. एखाद्या घरासाठी २८ म्हणजे आणखी रात्रभराची उसंत असेल, तर दुसऱ्या घरासाठी दुचाकी हलवायची वेळ टळून गेलेली असेल. जाहीर होणारा आकडा आणि तुमचे फाटक यांची सांगड घालणारा तक्ता कोणत्याही कचेरीत तयार नाही, कारण तो तुमच्या गल्लीत उभे राहिल्याशिवाय तयारच होत नाही. रहिवाशांच्या विज्ञानाची खरी जागा मला येथे दिसते. मोठी यंत्रणा नदी मोजते, तुम्ही नदी आणि तुमचा उंबरा यांच्यामधले अंतर मोजायचे.

हे अंतर मोजायला लागणारे साधन तुमच्या भागातल्या प्रत्येक गवंड्याकडे असते. दहा-पंधरा मीटर लांबीची पारदर्शक नळी पाण्याने भरायची, तिच्यात हवेचा बुडबुडा राहिलेला नाही याची खात्री करायची आणि तिची दोन टोके दोन ठिकाणी धरायची. दोन्ही टोकांना पाणी नेमके एका पातळीत थांबते. आम्ही दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत हे काम एका रविवारी सकाळी केले. नळीचे एक टोक मी विजेच्या खांबाशी धरले होते, दुसरे गवंड्याने समोरच्या वाड्याच्या जोत्याशी धरले होते. पाणी स्थिर झाल्यावर त्याने पेन्सिलीने रेघ मारली, आणि घरमालकीण बाई थक्क होऊन म्हणाल्या, "म्हणजे आमचे घर रस्त्यापेक्षा खाली आहे?" रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले होते आणि चाळीस वर्षांपूर्वी दोन पायऱ्या वर असलेले जोते आता रस्त्याच्या मधल्या उंचवट्यापेक्षा चार बोटे खाली गेले होते. त्या घरात नेहमी सर्वांआधी पाणी का येते, याचे उत्तर त्या रेघेत होते.

अशा रीतीने सोसायटीतली एक पक्की, न हलणारी जागा शून्य धरा. फाटकाजवळच्या दगडी खांबाचा पाया यासाठी चांगला. तिथून प्रत्येक घराचे जोते, लिफ्टचा खड्डा, पाण्याच्या टाकीचे झाकण, मीटरच्या पेट्यांची खालची कड आणि रोहित्राचा ओटा यांची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून काढा. त्याच खांबावर ऑइलपेंटने दर दहा सेंटिमीटरला पट्टे आणि मोठे आकडे रंगवा, म्हणजे पहिल्या मजल्यावरूनही ते वाचता येतील. पुढच्या वेळी पाणी आले की दर अर्ध्या तासाला खांबावरचा आकडा, तीच वेळ आणि काळ्या घोड्याचा जाहीर आकडा या तीन गोष्टी एका ओळीत लिहायच्या. एका मध्यम पुरातही अशा वीस-पंचवीस ओळी मिळतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर तुम्हाला सांगता येते की नदी अमुक फुटांवर पोहोचल्यापासून साधारण इतक्या तासांनी आपल्या फाटकात पाणी येते. पातळीइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, लक्ष चढण्याच्या वेगाकडे द्या. तासाला दोन-तीन इंच चढणारे पाणी सामान हलवायला वेळ देते, तासाला फूटभर चढणारे फक्त माणसे हलवायला वेळ देते.

येथे कांसांचा वेगळा उल्लेख करतो, कारण आपल्याकडच्या अनेक सोसायट्यांत पाणी नदीच्या दिशेने येतच नाही. भूखी कांस, रूपारेल कांस यांसारखे पावसाळी ओढे शहराचे पाणी नदीकडे नेतात. नदी भरून वाहू लागली की त्यांना तोंड उरत नाही आणि पाणी उलटे मागे सरकते. मग रस्ता कोरडा असताना गटाराच्या झाकणातून पाणी उसळू लागते. तुमच्या आवारातले सर्वांत खालचे झाकण कोणते, हे नळीने शोधून ठेवा आणि पहिली खूण तिथेच करा. त्या झाकणाखाली पाणी किती खोल आहे हे काठीने मोजता येते, आणि ते वर येऊ लागले की फाटकातल्या पाण्याच्या कितीतरी आधी सूचना मिळते. माझ्या अनुभवात इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक इशारा दुसरा नाही.

पावसाचे मोजमाप याहून सोपे आहे, पण त्यात चुका अधिक होतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढे एक सूत्र पक्के केले की बाकीचा हिशेब त्यातून निघतो. दहा सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर जागेवरचा पाऊस गोळा करते, म्हणून त्याच्या खालच्या बाटलीत जमलेले प्रत्येक ७.८५ मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. पण हाच हिशेब पुढे नेला तर कळते की अशा नरसाळ्याखाली दोन लिटरची बाटली ठेवली असेल तर ती सुमारे २५५ मिलिमीटरला भरून वाहू लागेल. २०१९ सारखा पाऊस झाला तर नेमक्या ज्या दिवसाची नोंद सर्वांत महत्त्वाची, त्याच दिवशी तुमचे मापक निम्मा पाऊस सांडून टाकेल. म्हणून मोठ्या पावसात दर तीन तासांनी मोजून बाटली रिकामी करायची आणि बेरीज करत जायची, हा नियम पहिल्या दिवसापासून घालून घ्या. मापक झाडाखाली किंवा भिंतीला लागून ठेवू नका. जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ते असावे. गच्चीवर ठेवायचे असेल तर कठड्यापासून लांब, मधोमध ठेवा.

नोंद रोज सकाळी साडेआठला करावी, कारण भारतीय हवामान खात्याचा पर्जन्यदिवस साडेआठ ते साडेआठ असा धरला जातो आणि तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता आला पाहिजे. आमच्या गटातल्या एक आजी हे काम ज्या पद्धतीने करतात ते मी नव्या लोकांना मुद्दाम पाहायला सांगतो. त्या मोजपात्र हातात उचलून धरत नाहीत, गच्चीच्या सपाट कट्ट्यावर ठेवतात. मग गुडघ्यांवर हात टेकून वाकतात, डोळा पाण्याच्या रेषेत आणतात आणि काचेला चिकटून वर चढलेली कड सोडून मधला खोलगट भाग वाचतात. आकडा आधी पाटीवर लिहितात, पुन्हा एकदा वाकून ताडून पाहतात आणि मगच पाणी ओततात. पाणी ओतून टाकल्यावर आठवणीतून लिहिलेला आकडा म्हणजे नोंद नव्हे, हे त्यांचे वाक्य आमच्या गटात आता सर्वांच्या तोंडी आहे.

पाऊस पडला नाही त्या दिवशीही शून्य लिहिलेच पाहिजे. शून्य ही माहिती आहे. मोजायचे राहून गेले तर तिथे आडवी रेघ ओढावी. शून्य आणि रेघ यांची गल्लत झालेली वही अभ्यासकाच्या उपयोगाची राहत नाही, आणि सामान्य लोकांच्या नोंदींवर जो अविश्वास दाखवला जातो त्याचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते. अचूकतेची दुसरी कसोटी म्हणजे शेजार. चार मापकांत ६०, ६४, ५८ आणि १४० असे आकडे आले तर चौथ्याकडे त्याच दिवशी जाऊन पाहा. कधी वाचनाची चूक निघते, कधी गच्चीचे पन्हळ मापकात गळत असते, पण कधी खरोखरच त्या कोपऱ्यावर ढग अधिक वेळ थांबलेला असतो. म्हणून न पाहता तो आकडा खोडू नका.

कोपऱ्या-कोपऱ्यातला हा फरक किती मोठा असू शकतो, याचे एक उदाहरण जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. २८ जुलै १९९७ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स या गावात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि त्या पुरात पाच जण दगावले. गावाच्या नैर्ऋत्येला चौदा इंचांच्या आसपास पाऊस पडला होता, तर थोड्याच अंतरावर पूर्वेला तो दोन इंचांच्या घरात होता. हे चित्र नंतर रहिवाशांच्या बादल्या, डबे आणि साध्या मापकांतून गोळा केलेल्या माहितीवरूनच स्पष्ट झाले, कारण अधिकृत मापके इतकी दाट नव्हती. पुढच्या वर्षी नोलन डोएस्केन या हवामानतज्ज्ञांनी तिथल्या विद्यापीठातून कोकोराज नावाचे स्वयंसेवकांचे जाळे सुरू केले. चार इंच व्यासाच्या प्लॅस्टिकच्या मापकावर चालणाऱ्या या जाळ्यात आज हजारो घरे रोज नोंद करतात आणि हवामान खाते त्या नोंदी वापरते.

आपल्या देशातले उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक क्लेशदायक आहे. केरळात वायनाडमध्ये ह्यूम सेंटर ही संस्था स्थानिक लोकांच्या मदतीने दोनशेच्या आसपास पर्जन्यमापकांचे जाळे चालवते. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्काई आणि चूरलमला येथे दरड कोसळण्यापूर्वी जवळच्या पुतुमला येथील मापकाने एका दिवसात ३७० मिलिमीटरांहून अधिक पाऊस दाखवला होता आणि संस्थेने आदल्या दिवशीच धोका कळवला होता. तरीही दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या घटनेचा विचार माझ्या मनातून जात नाही. मोजणी बरोबर होती, जाळे दाट होते, इशाराही वेळेवर होता. त्या इशाऱ्यापासून प्रत्येक घरातल्या माणसाच्या पायापर्यंतचा रस्ता मात्र पूर्ण बांधलेला नव्हता. तुमच्या तीस घरांत हा रस्ता तुम्हाला बांधता येईल, कारण तो अवघा शे-दोनशे पावलांचा आहे.

तो बांधायचा म्हणजे आकड्याला काम जोडायचे. कामे कोणती असावीत हे मी बाहेरून सांगणे योग्य होणार नाही, पण नमुना देतो. सर्वांत खालच्या झाकणातले पाणी चढत कडेपासून एक हात अंतरावर आले की वाहने उंच जागी न्यायची आणि लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची. खांबावर पाणी दहा सेंटिमीटरला आले की तळमजल्यावरची वृद्ध माणसे, गरोदर स्त्रिया आणि नियमित औषधे घेणारी माणसे वर जाणार, आणि कोण कोणाच्या घरी जाणार हे नावानिशी ठरलेले असणार. मीटरच्या पेट्यांच्या खालच्या कडेपासून पाणी तीस सेंटिमीटरवर आले की वीजमंडळाला फोन करून पुरवठा बंद करायला सांगायचे. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि त्या माणसाच्या गैरहजेरीत दुसरे नाव असावे. रात्री दोन वाजता आकडा वाचणाऱ्याला विचार करावा लागू नये आणि परवानगी मागावी लागू नये, यासाठी हा सारा खटाटोप आहे. मे महिन्यात एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा त्याची तालीम करा.

आता सुरक्षिततेविषयी, आणि याबाबत मी जराही सवलत देणार नाही. आकड्यासाठी कोणीही नदीच्या काठावर उतरायचे नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत, पुराच्या दिवसांत त्या सोसायट्यांच्या आवारात आणि रस्त्यांवर येतात, आणि गढूळ पाण्यात मगर हातभर अंतरावर असली तरी दिसत नाही. मगर दिसली तर तिचे ठिकाण आणि वेळ लिहून वनखात्याला किंवा प्राणिमित्रांना कळवणे हीसुद्धा उपयुक्त नोंद आहे. तिचे छायाचित्र घेण्यासाठी जवळ जाणे मात्र टाळलेच पाहिजे. वाहत्या पाण्यात घोट्याच्या वर, सुमारे पंधरा सेंटिमीटर पाणी असले तरी धडधाकट माणसाचा तोल जाऊ शकतो, शिवाय पाण्याखालची उघडी झाकणे आणि वीजवाहिन्या दिसत नाहीत. म्हणून खांबावरचे आकडे मोठे रंगवा आणि वरच्या मजल्यावरून, लागल्यास मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचा. ज्या नोंदीसाठी पाण्यात पाय घालावा लागतो ती नोंद आपल्याला नको.

तुमच्या पत्रात तीस घरांचा उल्लेख आहे, पण त्या घरांत काम करायला येणाऱ्या बाया, रखवालदार आणि पलीकडच्या नदीकाठच्या वस्तीतली माणसे यांचा नाही. त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पाणी त्यांच्याकडे तुमच्या आधी येते. कोणत्या बाजूने येते, किती वेळ थांबते, उतरताना काय मागे ठेवते याचे ज्ञान त्यांच्याजवळ माझ्यापेक्षा अधिक आहे. त्यांच्या वस्तीत एक खांब रंगवला आणि एका कुटुंबाला दूरध्वनीच्या साखळीत घेतले, तर तुमच्या गटाला काही तासांची आगाऊ सूचना मिळेल. त्या बदल्यात तुमची गच्ची, तुमच्या टाकीचे पाणी आणि तुमच्या सभागृहाची किल्ली त्यांच्यासाठी खुली असली पाहिजे. हे आधी ठरलेले नसेल तर त्यांच्याकडून आकडे मागू नयेत असे मला वाटते.

जुन्या पुरांच्या खुणा गोळा करण्याचे काम याच उन्हाळ्यात करून टाका, कारण रंगकाम झाले की त्या पुसल्या जातात. २०१९ आणि २०२४ च्या पाण्याच्या मळकट रेषा अजूनही कित्येक जिन्यांखाली आणि कुंपणांच्या आतल्या अंगाला दिसतात. प्रत्येक रेषेपाशी मोजपट्टी उभी धरून छायाचित्र घ्या आणि तिची उंची तुमच्या शून्याशी जोडा. ज्येष्ठांशी बोलताना "पूर केवढा होता" असे विचारू नका, त्याचे उत्तर भावनेत मिळते. "पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, देवघर बुडाले होते का, त्या दिवशी सण कोणता होता" असे विचारा. २०२४ चा पाऊस गोकुळाष्टमीला होता, हे तारीख विसरलेल्या माणसालाही आठवते. आपल्या मराठी घरांतून नक्षत्रांचा पाऊस पंचांगाच्या समासात टिपून ठेवण्याची सवय होती: मृग कोरडा गेला, आर्द्रात इतके दिवस पडला, मघांनी झोडपले. एका घरातून मला अशी सव्वीस वर्षांची पंचांगे मिळाली. त्यांत मिलिमीटर नव्हते, तरी "अंगणातली घंगाळे भरून वाहिली" अशी टीप होती, आणि घंगाळ घरातच असल्यामुळे त्याची खोली मोजता आली. अशा नोंदी माळ्यावर असतील तर त्या रद्दीत जाण्यापूर्वी पानापानाची छायाचित्रे घेऊन ठेवा.

प्रशासनाशी नाते कसे ठेवावे, हाही प्रश्न पुढे येईलच. तुमचा गट इशारा देणारी समांतर कचेरी नव्हे, हे सर्वांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. घर सोडण्याची अधिकृत सूचना आली तर तुमच्या खांबावर काहीही दिसत असले तरी ती पाळायची. उलट, अधिकृत सूचना आलेली नसताना तुमच्या खांबाने धोका दाखवला तर तुमच्या आवारापुरती ठरलेली कामे करायची आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर आकडा व वेळ कळवायची. "खूप पाणी आहे, लवकर या" या निरोपापेक्षा "फाटकाच्या खांबावर चाळीस सेंटिमीटर, तासाला दहाने चढते आहे, तळमजल्यावर दोन अंथरुणाला खिळलेले रुग्ण आहेत" या निरोपावर बचाव पथकाला निर्णय घेता येतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी तुकडी आपल्याजवळ जरोदला आहे, पण मोठ्या पुरात तिला एकाच वेळी शेकडो ठिकाणांहून हाका येतात. गटातल्या दोन-तीन तरुणांनी आपदा मित्र योजनेचे प्रशिक्षण घेतले तर दुवा आपोआप तयार होतो. अफवांवरही आकड्यांइतका दुसरा उतारा नाही. धरण फुटल्याचा संदेश मोबाइलवर फिरू लागला की लोक अंधारात पाण्यात उतरून पळू पाहतात. त्या क्षणी शेजारच्या माणसाने "खांबावर गेले दोन तास पाणी एकाच जागी आहे" असे सांगितले तर माणसे घरात थांबतात. तुमच्या गटाच्या संदेशात आकडा, वेळ आणि वाचणाऱ्याचे नाव या तीन गोष्टी नसतील तर तो पुढे पाठवायचा नाही, हा नियम कडक ठेवा.

या कामाच्या मर्यादाही सांगतो. तीस घरांच्या नोंदींवरून उद्याचा पाऊस सांगता येत नाही. वरच्या पाणलोटात काय पडते आहे ते तुमच्या गच्चीवरून दिसत नाही, म्हणून पावागड आणि आजव्याच्या बाजूच्या एक-दोन गावांतल्या शाळांशी किंवा शेतकऱ्यांशी संबंध जोडावा लागेल. नदीपात्रातली अतिक्रमणे आणि बुजवलेल्या तलावांचा प्रश्न मापकांनी सुटत नाही, मात्र त्याविषयी बोलताना तुमच्या हाती वर्षांच्या नोंदी असतील तर तुमचे म्हणणे फेटाळणे अवघड जाते. आणि सर्वांत मोठी मर्यादा उत्साहाची आहे. पुरानंतरचा पहिला पावसाळा सगळे मोजतात, तिसऱ्या कोरड्या वर्षी दोघेच उरतात. म्हणून मोजणाऱ्यांच्या जोड्या करा, काम दर महिन्याला फिरते ठेवा आणि सोसायटीच्या मासिक सभेत पहिली पाच मिनिटे वहीसाठी राखून ठेवा. हीच वही उन्हाळ्यातही चालू ठेवता येईल. पत्र्याच्या छपराखालचे आणि झाडाखालचे दुपारी तीनचे तापमान शेजारी शेजारी लिहिले, तर उष्णतेच्या लाटेत रखवालदाराची खुर्ची कोठे ठेवायची एवढे तरी नक्की कळेल.

मृग लागण्यापूर्वी तुमच्याजवळ जेवढे रविवार आहेत त्यांतला पहिला गवंड्यासाठी ठेवा. नळी, ऑइलपेंट, एक मोजपट्टी आणि एक जाड पुठ्ठ्याची वही एवढे सामान पुरे. पर्जन्यमापके दुसऱ्या रविवारी आणली तरी चालतील. जोत्यांच्या उंचीची यादी तयार झाली की ती मला पाठवा. सर्वांत खालचे झाकण आणि मीटरच्या पेट्या यांच्यामध्ये किती सेंटिमीटर अंतर आहे, ते मला सर्वांत आधी पाहायचे आहे.